तेराव्या दिवसानंतर

आमच्या घरीं एक आत्याबाई होत्या. तरुणपणींच वैधव्य आल्यामुळें त्या माहेरीं परतल्या आणि पुढें पन्नास वर्षें घराच्या किल्ल्या त्यांच्याच कमरेला राहिल्या. महाळुंगे पडवळ हें गांव लहान. कोणाकडे मृत्यु झाला कीं पहिल्या तीन दिवसांत शेजारपाजारच्या बायका पिठलें-भात झांकून घेऊन जात. आत्याबाई त्या गर्दींत क्वचितच दिसत. त्या जात चौदाव्या दिवशीं. हातांत निवडावयाचें धान्य किंवा वातींचा कापूस घ्यावयाचा, त्या घरच्या माजघरांत जाऊन बसावयाचें आणि दिवेलागणीला परतावयाचें, असा त्यांचा परिपाठ असे. लहानपणीं मीं एकदां त्यांना याचें कारण विचारलें. त्या म्हणाल्या, "अरे, तेराव्यापर्यंत घर माणसांनीं भरलेलें असतें. चौदाव्या दिवशीं गेलें म्हणजे कळतें, कोणाचें काय गेलें तें."

आत्याबाईंची आठवण होण्यास एका वाचक भगिनींचें पत्र कारण झालें. त्या लिहितात, "आमच्याकडे चार भावांचीं बिऱ्हाडें एका चुलीवर जेवतात. कोठें भूकंप झाला, समुद्र खवळून गांवें वाहून गेलीं, दरड कोसळली, कीं मदत मागणारी मंडळी दारीं येतात. ज्याच्या हातीं जें लागेल तें तो देतो. पण दिल्यावर मनाचें समाधान होत नाहीं. एकत्र कुटुंबानें अशा वेळीं काय द्यावें व कसें द्यावें?" प्रश्न साधा दिसतो. परंतु त्याचें उत्तर मला स्वतःला एक मोठी चूक केल्यावरच सांपडलें. म्हणून प्रथम ती चूक सांगतों.

ता. २९ सप्टेंबर १९९३ रोजीं अनंतचतुर्दशी होती. गणपति बोळवून लातूर व उस्मानाबाद (म्हणजे हल्लींच्या धाराशिव) जिल्ह्यांतील गांवें उशिरां निजलीं होतीं. दुसऱ्या दिवशीं पहाटे चार वाजावयास कांहीं मिनिटें असतांना भूमि हादरली, आणि किल्लारी, सास्तूर व भोंवतालचीं अनेक गांवें पाहतां पाहतां दगडमातीचे ढिगारे झालीं. भूकंपाचें मान ६.२ च्या सुमाराचें होतें. जगांतील मोठ्या भूकंपांशीं तुलना करतां तें मध्यमच म्हणावें लागेल. तरीहि सुमारें आठ हजार माणसें प्राणांस मुकलीं. याचें कारण घरांच्या बांधणींत होतें. दोन-अडीच फूट जाडीच्या दगडी भिंती चिखलांत रचलेल्या. त्या भिंतींचे आंतील व बाहेरील दगड एकमेकांत गुंतविलेले नाहींत. वर लांकडी तुळयांवर मातीचें जड माळवद. उन्हाळ्यांत हीं घरें गार राहत, चोराला भिंत फोडतां येत नसे, म्हणून पिढ्यान् पिढ्या लोकांनीं तीं विश्वासानें बांधलीं. तेंच माळवद निजलेल्या कुटुंबांच्या अंगावर आलें. शिवाय तो प्रदेश त्या वेळच्या भूकंपाच्या नकाशांत सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यांत दाखविलेला होता. त्यामुळें सरकार काय आणि प्रजा काय, कोणाचीच तयारी नव्हती.

मी त्या वेळीं शाळेंत शिक्षक होतों. आमचें गांव हुतात्मा बाबू गेनू यांचें जन्मगांव. १९३० सालीं मुंबईंत परदेशी कापडाच्या मालमोटारीपुढें देह ठेवणारा तरुण ज्या मातींत जन्मला, तेथील मुलांना त्याग शिकवावा लागत नाहीं, असा आम्हां शिक्षकांना अभिमान होता. बातमी आल्याच्या दुसऱ्या दिवसापासून मुलें घरोघर फिरूं लागलीं. चार दिवसांत शाळेचा एक वर्ग छतापर्यंत कपड्यांनीं भरला. आमच्या घरचें गांठोडें मीं स्वतः बांधलें. त्यांत बाराबंदी, उसवलेलीं पोलकीं, विटलेलीं धोतरें आणि माझा एक बटणें तुटलेला कोट होता. पुष्कळ दिवस फडताळांत अडगळ झालेले हे कपडे परोपकाराच्या नांवाखालीं घराबाहेर गेले, याचा मला, खरें सांगावयाचें तर, थोडा आनंदहि झाला.

आठव्या दिवशीं मालमोटार भरून आम्हीं चौघे शिक्षक निघालों. सोलापुरावरून पुढें उमरग्याच्या रस्त्याला लागलों, तों वाहनांची रांग हलेना. आमच्यासारख्याच मदत घेऊन आलेल्या मालमोटारी आणि नुसती पाहावयास आलेली मंडळी यांची गर्दी झाली होती. रस्त्याच्या कडेला पावसानें भिजलेल्या कपड्यांचे ढीग पडले होते. एके ठिकाणीं बुरशी आलेल्या भाकऱ्यांच्या चवडी होत्या. आमची मोटार ज्या वस्तीवर रिकामी झाली तेथें ताडपत्रीखालीं एक वृद्ध बाई बसली होती. आमचें गांठोडें तिच्या पुढ्यांत सुटलें आणि नेमका माझा तो कोट वर आला. तिनें तो उलटसुलट पाहिला, नीट घडी केली आणि म्हणाली, "असूं द्या बाबा, वल्ल्यांत खालीं टाकाया व्हईल." मग माझ्याकडे पाहून तिनें सांगितलें, "भाकर लई आली. पर तवा कुनीं आनला न्हाई. तवा असता तर मीं माज्या हातानं दोन भाकरी थापल्या असत्या. आयतं खाऊन बसलं कीं गेलेलीं समदीं डोळ्यांम्होरं येत्यात."

मला उत्तर सुचलें नाहीं. परतीच्या वाटेवर चौदा तास मीं त्या तव्याचाच विचार करीत होतों. पाठशाळेंत असतांना भगवद्गीतेचा सतरावा अध्याय मीं मुखोद्गत केला होता आणि पुढें तो मुलांना अनेकदां समजावूनहि दिला होता. देश, काल आणि पात्र पाहून दिलेलें तें सात्त्विक दान. फळावर डोळा ठेवून किंवा जड मनानें दिलेलें तें राजस. आणि अयोग्य स्थळीं, अयोग्य वेळीं, अनादरानें दिलेलें तें तामस. तीनहि प्रकार फळ्यावर लिहून देणाऱ्या माणसानें स्वतः बांधलेलें गांठोडें तिसऱ्या प्रकारांत मोडत होतें. आपल्याला नको असलेली वस्तु दुसऱ्याला पाठविणें हा अनादरच होय. मग ती भूकंपग्रस्ताला पाठविली म्हणून तो आदर होत नाहीं.

पुढें कांहीं महिन्यांनीं वर्तमानपत्रांतून लातूरच्या बातम्या मागें पडल्या. वर्ग रिकामा झाला, मुलें परीक्षेला लागलीं. म्हणजे आमच्यापुरतें तेरावें झालें होतें. परंतु तिकडे खरें काम तेव्हां सुरू होत होतें. बावन्न गांवें नव्या जागीं वसवावयाचीं होतीं. १९९४ सालीं जागतिक बँकेचें कर्ज मंजूर झालें आणि पुनर्वसनाचें काम त्यानंतर अनेक वर्षें चाललें. घरें जमिनीच्या मानानें वांटलीं गेलीं: भूमिहीन व एक हेक्टरपर्यंतच्या शेतकऱ्याला अडीचशें चौरस फूट, सात हेक्टरपर्यंत चारशें, आणि त्याहून अधिक जमीन असणाऱ्याला साडेसातशें. घरें मजबूत झालीं, यांत शंका नाहीं. पण एकत्र कुटुंबांत वाढलेल्या वाचकांनीं क्षणभर डोळ्यांपुढें चित्र आणावें. जुन्या वाड्याच्या चौकांत आजी, जावा, नातवंडें आणि गुरें एकाच छायेखालीं होतीं. नव्या गांवांत रुंद सरळ रस्ते, सारख्या ओळी, आणि अडीचशें फुटांत गुराला गोठा कोठें व सुनेला आडोसा कोठें? हे प्रश्न पहिल्या आठवड्यांत कोणाला सुचत नाहींत. ते चौदाव्या दिवशीं निघतात आणि दहा वर्षें सरत नाहींत.

त्या काळांत जीं कामें टिकलीं तीं तेराव्यानंतरहि तेथें थांबलेल्या माणसांचीं होतीं. पुण्याचे श्री. शांतिलाल मुथा यांच्या भारतीय जैन संघटनेनें सुमारें बाराशें भूकंपग्रस्त मुलें पुण्यास आणलीं आणि त्यांच्या राहण्या-शिकण्याचा भार वर्षानुवर्षें उचलला. वाघोलीचें शैक्षणिक संकुल त्यांतूनच उभें राहिलें. मुलाला जेवण एक दिवसाचें देतां येतें, पण शाळा एक दिवसाची देतां येत नाहीं, हें त्यांनीं ओळखलें. जीं गांवें उठवावयाचीं नव्हतीं तेथील पावणेदोन लाखांहून अधिक घरें जागच्या जागीं दुरुस्त व बळकट करण्यांत आलीं. त्या कामीं स्वयम् शिक्षण प्रयोग या संस्थेच्या साह्यानें शेंकडों गांवांतील स्त्रिया 'संवाद सहायक' म्हणून पुढें आल्या. सरकारी पैसा कसा मिळतो, भिंत कशी बांधली म्हणजे पडत नाहीं, हें त्या घरोघर जाऊन समजावीत आणि बांधकामावर देखरेखहि करीत. ज्या स्त्रियांना कालपर्यंत कोणीं विचारलें नव्हतें, त्यांनींच गवंड्याला प्रश्न विचारले. तवा मागणाऱ्या त्या बाईचें म्हणणें येथें कोणीतरी ऐकलें होतें.

पुढें ता. २६ डिसेंबर २००४ रोजीं सुमात्रा बेटानजीक समुद्राच्या तळाशीं प्रचंड भूकंप झाला आणि त्यांतून उठलेल्या त्सुनामी लाटांनीं अनेक देशांचे किनारे धुऊन नेले. सव्वादोन लाखांच्या आसपास माणसें गेलीं. आपल्या देशांत तामिळनाडूच्या नागपट्टणम् जिल्ह्याला सर्वांत मोठा तडाखा बसला. तेथेंहि रस्त्यांच्या कडेला जुन्या कपड्यांचे ढीग पडून राहिल्याच्या बातम्या व छायाचित्रें मीं पाहिलीं, आणि मला माझा कोट आठवला. कोळी बांधवांना होड्या व जाळीं हवीं होतीं. तीं पुढें मिळालीं. पण तींहि देणाऱ्यांनीं एकमेकांना न विचारतां दिल्यामुळें कांहीं गांवांत होड्या गरजेपेक्षां अधिक झाल्या आणि कित्येक होड्या दर्यांत टिकाव धरणाऱ्या नव्हत्या. म्हणजे योग्य वस्तु निवडली तरी घेणाऱ्याला विचारण्याचें काम उरतेंच.

आतां आमच्याच तालुक्याची गोष्ट. आंबेगांव तालुक्याच्या पश्चिमेस, डिंभे धरणाच्या पलीकडे डोंगरांत माळीण नांवाचें आदिवासी गांव होतें. ता. ३० जुलै २०१४ रोजीं सकाळीं, मुसळधार पावसांत, डोंगराचा कडा सुटला आणि चाळिसांवर घरें चिखलाखालीं गेलीं. एस. टी. चा चालक नेहमीप्रमाणें गाडी घेऊन गेला, तों गांव जागेवर नाहीं, हें त्याला दिसलें. बाहेरच्या जगाला बातमी कळली ती त्याच्यामुळें. १५१ माणसें मृत्यु पावलीं. एक तान्हें मूल आईसह ढिगाऱ्यांतून जिवंत निघालें, तेव्हां सबंध जिल्ह्याच्या डोळ्यांना पाणी आलें.

त्या रात्रीं आमच्या घरीं जेवणें झाल्यावर सर्व मंडळी ओसरीवर बसलीं. धाकटे बंधु म्हणाले, "दादा, उद्यां सकाळींच कपडे व धान्य गोळा करूं." मीं लातूरची हकीकत सांगितली आणि म्हटलें, या वेळीं आपण थांबूं. तेव्हां पुतण्या उसळून म्हणाला, "काका, माणसें चिखलाखालीं असतांना आपण हिशेब करीत बसावयाचें काय?" त्याचें म्हणणें खोटें नव्हतें. भूक व तहान तेराव्याची वाट पाहत नाहीं. आमच्या सौभाग्यवती दाराशीं उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "अहो, दोघांचेंहि खरें आहे. तीन वांटे करा. एक आज द्या. दोन मीं देव्हाऱ्याखालच्या डब्यांत ठेवतें; ते सहा महिन्यांनीं आणि वर्षानें काढा. घरांत माणूस गेलें म्हणजे आपण वर्षभर तिथि पाळतों, मग हें काय निराळें?"

तसेंच केलें. पहिला वांटा, ढिगारा उपसणाऱ्यांसाठीं जेथें अन्न शिजत होतें तेथें रोख पोंचविला. उरलेल्या रकमेबद्दल गांवांत थोडी कुजबूज झाली. 'मास्तर पैसा धरून बसले' असें एकजण म्हणालाहि. सहाव्या महिन्यांत मी व सौभाग्यवती तिकडे गेलों. लोक पत्र्याच्या निवाऱ्यांत राहत होते. कपडे भरपूर होते. आम्हीं काय हवें तें विचारलें, तर प्रथम कोणी बोलेना. बऱ्याच वेळानें एकानें सांगितलें कीं, भातखाचर गाळाखालीं आहे. गाळ काढावयास मजुरी नाहीं आणि काढला तरी मृगाच्या आधीं बियाणें कोठून आणावें? डब्यांतील रक्कम दोन कुटुंबांना पुरली, तिसऱ्याला पुरली नाहीं. वर्ष झाल्यावर पुनः गेलों. त्या दोन खाचरांत भात उभें होतें. तिसऱ्या कुटुंबांतील कर्ता पुरुष मजुरीसाठीं मंचरकडे निघून गेला होता. त्याला न पुरल्याचें शल्य माझ्या मनांतून अजून गेलेलें नाहीं.

माळीणच्या लोकांना पक्कीं घरें मिळावयास २०१७ चा एप्रिल उजाडला. त्या जून महिन्यांत पहिल्याच पावसानें नव्या वस्तींतील रस्ते खचले, ठिकठिकाणीं भेगा पडल्या, आणि एकदां डोंगर अंगावर आलेल्या माणसांच्या काळजांत पुन्हा धडकी भरली. त्या दिवशीं तेथें मदतीच्या मालमोटारींची रांग लागली नव्हती. तेरावें होऊन तीन वर्षें लोटलीं होतीं.

आतां आपल्या भगिनींच्या प्रश्नाचें उत्तर. एकत्र कुटुंबाला अशा वेळीं एक मोठी सोय आहे, ती म्हणजे त्याची स्मृति लांब असते. एकटा मनुष्य विसरतो. पण घरांत कोणीतरी तिथि लक्षांत ठेवणारें असतेंच. म्हणून घरांतील सर्वांनीं एकत्र बसून एक रक्कम ठरवावी. वस्तूंपेक्षां पैसा द्यावा. वस्तु द्यावयाचीच तर ती नवी असावी आणि मागितलेली असावी. रकमेचा एक भाग तत्काळ, तेथें आधींपासून काम करीत असलेल्या विश्वासू हातीं द्यावा. उरलेले भाग सहा महिन्यांची व वर्षाची तारीख घालून घरच्या वहींत लिहून ठेवावे, आणि तें काम घरांतील एखाद्या मुलीकडे किंवा सुनेकडे सोंपवावें. ती तारीख आली म्हणजे शक्य असल्यास कोणीतरी जाऊन, नाहीं तर पत्र पाठवून, काय हवें तें विचारावें. अपघातस्थळ पाहावयास मात्र पहिल्या आठवड्यांत कोणीं जाऊं नये. ज्याच्या अंगीं कामाचें कौशल्य आहे त्यानें जावें. इतरांनीं रस्ता मोकळा ठेवावा हीच त्यांची सेवा.

आणखी एक गोष्ट. आपल्यापैकीं पुष्कळांचे वाडे अजून जुन्या दगडमातीचे आहेत. लातूरच्या भिंती कां फुटल्या हें आतां ठाऊक आहे. भिंतीच्या दोन्ही अंगांना आरपार जोडणारे लांब दगड अधूनमधून हवेत. दारांच्या माथ्यावरून चारी भिंतींना कवळणारा एक सलग पट्टा हवा. आणि माळवदावर दर वर्षीं चढणारा मातीचा थर उतरवावयास हवा. जाणत्या अभियंत्याला एकदां घर दाखवावें. ज्या खोलींत वृद्ध माणसें व मुलें निजतात, तेथून आरंभ करावा. दुसऱ्याच्या घरीं चौदाव्या दिवशीं जाणें हा धर्म आहे. आपल्या घरीं तो दिवस शक्यतों येऊं न देणें हाहि धर्मच आहे.

आत्याबाई जाऊन पुष्कळ वर्षें झालीं. त्या गेल्यावर तेरा दिवस आमचें घर भरलेलें होतें. चौदाव्या दिवशीं दुपारीं दारांत चप्पल वाजली म्हणून मीं पाहिलें, तों गांवांतली एक म्हातारी वातींचा कापूस घेऊन आली होती. ती माजघरांत जाऊन माझ्या आईजवळ बसली. दोघीजणी संध्याकाळपर्यंत वाती वळीत होत्या. कोणी फारसें बोललें नाहीं. आमच्या घरच्या वहींत यंदांच्याहि दोन तारखा लिहिलेल्या आहेत. त्यांतील पहिली पुढच्या महिन्यांत येते.